वर केलेले बोट

पायथागोरसाविषयीची एक आख्यायिका सिसेरोने आपल्या 'टस्क्युलम येथील संवाद' या ग्रंथाच्या पाचव्या भागात सांगितली आहे. फ्लायस नगरीचा अधिपती लिऑन याने त्याला विचारले की, आपण स्वतःला ज्ञानाचे प्रेमी म्हणवता, तर हे ज्ञानाचे प्रेमी म्हणजे कोण, आणि इतर माणसांहून त्यांचे निराळेपण ते कोणते? पायथागोरस उत्तरला की, जिथे सारा ग्रीस लोटतो त्या महान क्रीडोत्सवासारखे मनुष्याचे जीवित आहे: कोणी तिथे मुकुट मिळवण्यासाठी देह झिजवतात, कोणी खरेदीविक्री करून चार पैसे गाठीस बांधण्यासाठी येतात, आणि थोडे असे असतात की ज्यांना टाळ्याही नकोत आणि नफाही नको, ते केवळ पाहण्यासाठी येतात, आणि काय घडते, कसे घडते, हे लक्षपूर्वक पाहतात. या तिसऱ्या वर्गाला त्याने सर्वांत श्रेष्ठ ठरवले. झगडणारा नव्हे, मिळवणारा नव्हे, तर पाहणारा श्रेष्ठ, हा निर्णय वाचताना भारतीय वाचकाला परके काही वाचतो आहोत असे वाटत नाही; कारण एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहत राहतो, हे मुंडकोपनिषदातले चित्र आपल्या मनात केव्हाचेच घर करून बसलेले आहे.

परंतु पाहणे ही खरोखरच निर्लेप क्रिया आहे काय? ज्याने काही केले नाही, फक्त पाहिले, तो त्या घटनेपासून मोकळा राहतो काय? हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे सतावीत आला आहे, आणि त्याचा विचार करण्यास ग्रीसची धावपट्टी आणि रोमचे रिंगण यांहून अधिक योग्य स्थळ मला आढळलेले नाही. कारण या दोन ठिकाणी सुमारे अकराशे-बाराशे वर्षे माणसे हजारोंच्या संख्येने जमली, आणि जमून त्यांनी जे केले ते मुख्यत्वे एकच होते: त्यांनी दुसऱ्यांची शरीरे पाहिली.

ऑलिंपिया हे नगर नव्हते, ते क्षेत्र होते. एलिस प्रांतात अल्फिऑस आणि क्लाडेऑस या नद्यांच्या संगमाजवळ झ्यूसचे ते उपवन, आणि त्यात एरवी पुजारी व सेवेकरी यांखेरीज फारशी वस्ती नाही. चार वर्षांनी एकदा, ऐन उन्हाळ्यात, तिथे जत्रा भरे. परंपरेने पहिल्या उत्सवाचे वर्ष इ. स. पू. ७७६ मानले आहे, आणि त्या वर्षी एकच शर्यत झाली, सुमारे १९२ मीटरांची धाव, ती एलिसच्या कोरोइबॉसने जिंकली. पुढे कुस्ती आली, मुष्टियुद्ध आले, रथांची शर्यत आली. तरी वर्षांची गणना होत असे ती त्या साध्या धावेच्या विजेत्याच्या नावानेच. फिलोस्ट्रॅटस हा लेखक या धावेचे मूळ सांगतो ते मोठे अर्थपूर्ण आहे. यज्ञपशूंचे भाग वेदीवर मांडून ठेवलेले असत, अग्नी मात्र अद्याप दिलेला नसे. धावणारे वेदीपासून एक धावपट्टी अंतरावर उभे राहत, आणि जो प्रथम पोहोचे तो हाती मशाल घेऊन तो अग्नी चेतवी. म्हणजे मुळात ती धाव यज्ञाचाच एक विधी होती, आणि विजेता हा, म्हटले तर, त्या दिवसाचा ऋत्विज होता. त्या वेदीची राख कधी उपसून टाकली जात नसे; पॉसेनिअसने दुसऱ्या शतकात ती पाहिली तेव्हा राखेचाच तो ढीग २२ फूट उंच झालेला होता.

अशा ठिकाणी पाहणाऱ्याची सोय कोणी पाहिली नव्हती. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मातीचे उतार होते आणि त्यांवर चाळीस हजारांच्या आसपास माणसे मावत. दगडी आसने होती ती पंचांना, आणि समोरच्या बाजूस डिमीटर देवीच्या पुजारिणीला, जी त्या मेळाव्यास हजर राहण्याची मुभा असलेली एकमेव विवाहित स्त्री असे. जन्माने दास असलेला तत्त्वज्ञ एपिक्टेटस आपल्या शिष्यांना विचारतो की, ऑलिंपियात तुम्ही उन्हाने भाजून निघत नाही काय, गर्दीत चिरडत नाही काय, पाऊस आला की भिजत नाही काय, आणि तरीही त्या दृश्याच्या मोलाने हे सारे सोसता ना? माश्यांचा उपद्रव इतका असे की माश्या निवारणाऱ्या झ्यूसला वेगळा बळी द्यावा लागे. हे हाल सोसून जे पाहायचे, ते पाहणे करमणुकीच्या कोटीतले राहत नाही, त्याला दर्शनाची जात येते. नगरराज्ये आपले अधिकृत प्रतिनिधी तिथे धाडीत; त्यांना 'थिओरॉस' म्हणत, आणि त्यांच्या त्या पाहण्याच्या कामावरून जो शब्द निघाला, 'थिओरिया', तोच पुढे प्लेटो आणि अरिस्टॉटल यांनी तत्त्वचिंतनासाठी घेतला. थिओरॉस हा आपल्या नगराने पाठवलेला असे. तो नगराच्या वतीने पाही, आणि परत जाऊन काय पाहिले ते नगरापुढे निवेदन करी. आपल्या भाषेत 'साक्षी' हा शब्द वेदान्तातही आहे आणि न्यायकचेरीतही आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ ज्याने डोळ्यांनी पाहिले तो असाच आहे. परंतु कचेरीतल्या साक्षीदाराला शपथ घ्यावी लागते आणि आपल्या पाहण्याबद्दल जाब द्यावा लागतो, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपण वेदान्त वाचताना विसरतो. थिओरॉसमध्ये दोन्ही अर्थ एकवटलेले होते.

आता ज्या ग्रंथात पायथागोरसाची ही कथा आहे त्याच ग्रंथाचा दुसरा भाग उघडावा. हा ग्रंथ सिसेरोने इ. स. पू. ४५ मध्ये, लाडकी मुलगी तुलिया वारल्यानंतरच्या शोकाकुल महिन्यांत लिहिला, आणि त्याचा दुसरा भाग वेदना सहन कशी करावी याविषयी आहे. तिथे तो ग्लॅडिएटरांचा दाखला देतो. हे झुंजार लोक कसे घाव घेतात पण लाजिरवाणेपणाने मागे सरत नाहीत, कोसळल्यावर मान पुढे करण्याचा हुकूम झाला तर ती आखडून घेत नाहीत, हे वर्णून तो म्हणतो की, काहींना हा देखावा क्रूर आणि अमानुष वाटतो, आणि आजकाल तो ज्या रीतीने होतो ते पाहता कदाचित तसा असेलही. परंतु जेव्हा अपराधी लोक तलवारीने झुंजत असत, तेव्हा वेदना आणि मृत्यू यांविरुद्ध डोळ्यांना याहून कणखर शिकवण दुसरी नव्हती. एकाच शोकमग्न माणसाच्या लेखणीतून, एकाच ग्रंथात, पाहण्याची ही दोन समर्थने उतरली आहेत. एकात पाहणे हे ज्ञान आहे, दुसऱ्यात ते धैर्याचे शिक्षण आहे. दोन्हींत पाहणाऱ्याचा लाभच सांगितला आहे. ज्याला पाहिले जाते त्याचा विचार त्या दोन्ही ठिकाणी नाही.

सोपे उत्तर असे की, ग्रीकांचा खेळ धार्मिक होता म्हणून शुद्ध, आणि रोमनांचा ऐहिक होता म्हणून पतित. हे उत्तर मला मान्य नाही, कारण ते खरे नाही. रोममधल्या झुंजीदेखील धर्मकृत्य म्हणूनच सुरू झाल्या. इ. स. पू. २६४ मध्ये ब्रूटस पेराच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात झुंजाऱ्यांच्या तीन जोड्या लढवल्या. या कृत्याला त्यांनी 'म्यूनस' म्हटले, आणि या लॅटिन शब्दाचा अर्थ कर्तव्य, देणे, फेडावयाचे ऋण असा आहे. मृत पित्याचे ऋण रक्ताने फेडावे ही ती कल्पना होती. तीन जोड्यांच्या पुढे बावीस झाल्या, बावीसच्या साठ झाल्या, आणि इ. स. पू. ६५ मध्ये ज्यूलियस सीझरने, वीस वर्षांपूर्वी वारलेल्या बापाच्या नावाने, ३२० जोड्या रिंगणात उतरवल्या. तेव्हा ते पितृऋण नावापुरते उरले होते आणि मतदारांचे आराधन हाच त्याचा खरा हेतू झाला होता, हे कोणालाही दिसत होते. ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो आढावा शिलांवर कोरवून घेतला त्यात, आठ प्रसंगी मिळून सुमारे दहा हजार माणसे लढवली, याची नोंद त्याने बांधलेल्या देवालयांच्या आणि वाटलेल्या धान्याच्या नोंदींशेजारीच केलेली आहे.

शिवाय ऑलिंपियाची पावित्र्यकथा सांगताना रथांची शर्यत आपण वगळतो. तिथे मुकुट मिळे तो घोड्यांच्या मालकाला. वळणावर रथ उलथला तर हाडे मोडत ती सारथ्याची. इ. स. पू. ४१६ मध्ये अल्सिबायडिसने एकट्याने सात रथ उतरवले आणि पहिला क्रमांक पटकावला. स्पार्टाच्या राजघराण्यातली कायनिस्का हिने इ. स. पू. ३९६ आणि ३९२ अशा दोन वेळा विजयाचा मान मिळवला, आणि ज्या मेळाव्यात विवाहित स्त्रीला पाऊल टाकण्याचाही मज्जाव होता त्याच क्षेत्रात, संबंध ग्रीसमध्ये हा मुकुट मिळवणारी स्त्री मी एकटीच, असा लेख कोरवला. तिच्या धैर्याचे मला कौतुक आहे. पण दुसऱ्याचा देह पणाला लावून स्वतःच्या मस्तकी मुकुट धारण करण्याची वाट ऑलिंपियातही मोकळी होती, हे त्याच लेखावरून सिद्ध होते.

मग भेद कुठे आहे? माझ्या मते तो एका बोटात आहे.

ग्रीक कुस्तीत, मुष्टियुद्धात आणि पँक्रेशन नावाच्या त्या भयंकर झटापटीत हार पत्करण्याची रीत एकच होती: हरणाऱ्याने तर्जनी वर करावी. मृद्भांडांवरच्या चित्रांत हे वर केलेले बोट पुष्कळदा दिसते. प्लूटार्क सांगतो की, ज्या खेळांत हात वर करावा लागतो ते लायकर्गसने स्पार्टाच्या लोकांना वर्ज्य केले होते, कारण शरणागतीची सवय नको. बोट वर झाले की झुंज तत्क्षणी संपे. त्यात कोणाला विचारावयाचे नसे; ना प्रतिस्पर्ध्याला, ना पंचांना, ना त्या चाळीस हजारांना. इ. स. पू. ५६४ मध्ये फिगॅलियाचा अरॅकिऑन पँक्रेशनच्या अखेरच्या जोडीत होता. प्रतिस्पर्ध्याने त्याचा गळा आवळलेला होता, आणि त्या अवस्थेतही त्याने त्या प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट पिरगाळले. वेदना असह्य होऊन प्रतिस्पर्ध्याने बोट वर केले, आणि नेमक्या त्याच क्षणी अरॅकिऑनचा प्राण गेला. पंचांनी मुकुट मृताला घातला. ही कथा मला कधीच सुखद वाटली नाही, परंतु तिच्यातला नियम स्पष्ट आहे: ज्याने बोट वर केले तो हरला, मग समोरचा जिवंत असो वा नसो. निर्णय देणारे पंच शपथेने बांधलेले होते. खेळाडू, त्यांचे बाप, भाऊ आणि शिक्षक यांनीही शपथांच्या झ्यूसपुढे, वराहाच्या मांसखंडांवर हात ठेवून, लबाडी न करण्याचा जणू मुचलका लिहून दिलेला असे, आणि जे लबाडी करीत त्यांच्याकडून वसूल केलेल्या दंडातून झ्यूसचे कांस्य पुतळे घडवून ते धावपट्टीच्या वाटेवर ओळीने उभे केलेले असत. त्या ओळीतले पहिले सहा पुतळे इ. स. पू. ३८८ चे, लाच देणाऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या प्रकरणातले. प्रेक्षक आरडाओरड करी, भावनेने उचंबळे, परंतु त्याच्या हाती काही नव्हते. पायथागोरसाचा तो शांत द्रष्टा तिथे संभवला याचे कारण प्रेक्षकाचे पुण्य हे नव्हे. त्याचे कारण प्रेक्षकाची सत्ताहीनता हे होते.

रोमच्या रिंगणातही हरणारा बोटच वर करी. तिथली चाल ग्रीकांहून निराळी नव्हती; निराळे होते ते पुढचे. बोट वर झाले की झुंज थांबे, पण प्रकरण संपत नसे, तिथून त्याला आरंभ होई. पंच झुंज थोपवून धरी आणि उत्सवाच्या यजमानाकडे पाही. यजमान सभोवारच्या आसनांकडे पाही. आणि आसनांवरून आरोळ्या आणि हातांच्या खुणा यांनी उत्तर येई: सोडा, किंवा मारा. शपथ न घेतलेल्या, नावही न सांगणाऱ्या, घरी जाऊन कोणालाही जाब न देणाऱ्या हजारो माणसांच्या हाती एका माणसाचा प्राण अर्ध्या घटकेपुरता दिला जाई. यजमानाला ते खर्चाचेही काम होते, आणि खर्चाचे होते म्हणूनच औदार्याचे मानले जाई. गायस या दुसऱ्या शतकातल्या कायदेपंडिताने विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न घातला आहे: झुंजारे पुरवणाऱ्याशी असा करार झाला की, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाबद्दल २० दिनार आणि जो मारला वा लुळा केला जाईल त्याच्याबद्दल १००० दिनार द्यावेत, तर हा करार भाड्याचा की विक्रीचा? गायस म्हणतो, जे परत आले त्यांच्यापुरता भाड्याचा, जे मेले त्यांच्यापुरता विक्रीचा. म्हणजे झुंज सुरू होताना तो माणूस भाड्याने आणलेला आहे की विकत घेतलेला आहे हे ठरलेले नसे. ते आसनांवरच्या आरोळीने ठरे. भाडेपट्ट्याचे खरेदीखत करण्याचा तो अधिकार ज्याच्या कंठात होता, त्याला 'मी फक्त पाहिले' असे म्हणता येईल काय?

प्रेक्षकाच्या अंतःकरणाचे काय होई याची साक्ष दोघांनी दिली आहे, आणि दोघांनीही ती स्वानुभवाच्या जवळून दिली आहे. सेनेका एका मध्यान्ही सहज म्हणून गेला. काही हलकीफुलकी करमणूक असेल अशी त्याची अपेक्षा होती, आणि दिसले ते ढाल-चिलखताविना उभ्या केलेल्या गुन्हेगारांचे निव्वळ हत्याकांड. आपल्या स्नेह्याला तो कळवतो की, मी तिथून अधिक लोभी, अधिक विलासी आणि अधिक निर्दय होऊन परतलो, आणि ते माणसांमध्ये राहिल्यामुळे. दुसरी साक्ष ऑगस्टीनची, त्याचा मित्र अलिपियस याच्याविषयी. अलिपियस रोममध्ये कायदा शिकत होता आणि त्याला या प्रकाराची किळस होती. सोबत्यांनी त्याला ओढीत नेले. त्याने डोळे मिटून घेतले. परंतु कान मिटता येत नाहीत, आणि कोणी कोसळताच जी गर्जना उठली तिने त्याचे डोळे उघडले. ऑगस्टीन म्हणतो की, खाली पडलेल्याच्या देहाला झालेल्या जखमेपेक्षा वरच्या या तरुणाच्या आत्म्याला झालेली जखम खोल होती. रक्त दिसताच तो क्रौर्य प्यायला, आणि दृष्टी वळवण्याऐवजी खिळवून बसला. 'प्यायला', हे क्रियापद मला फार महत्त्वाचे वाटते. उपनिषदातला पाहणारा पक्षी न खाता पाहतो. ज्या क्षणी डोळा खाऊ-पिऊ लागतो त्या क्षणी वृक्षावर दोन पक्षी उरत नाहीत. दोघेही एकाच फळावर तुटून पडलेले असतात.

तथापि ती गर्दी जन्मतः पाषाणहृदयी नव्हती, आणि ही गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. इ. स. पू. ५५ मध्ये पॉम्पीने आपल्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाप्रीत्यर्थ जे खेळ केले त्यांत अठरा-वीस हत्ती मारावयास आणले होते. थोरला प्लिनी लिहितो की, निसटण्याची आशा संपल्यावर ते प्राणी करुण हालचालींनी जणू याचना करू लागले, आणि सारा समुदाय डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला व पॉम्पीला शाप देऊ लागला. सिसेरो त्या दिवसांविषयी मित्राला लिहिताना म्हणतो की, लोकांना एक प्रकारची दया आली, आणि या पशूचे मनुष्यजातीशी काही नाते आहे असे वाटले. हत्तीशी असलेले हे नाते ज्यांना ओळखू आले त्यांना बोट वर केलेल्या माणसाशी असलेले नाते का ओळखू येऊ नये? मला वाटते, हत्तींनी निर्णय मागितला नव्हता. त्यांची याचना कोणा एकाकडे नव्हती. माणसाचे बोट मात्र प्रेक्षकाला न्यायासनावर बसवीत होते, आणि न्यायासनावर बसलेल्या माणसाला आपण दयाळू की कठोर यापेक्षा आपण बसलो आहोत हेच अधिक सुखावते.

सुमारे इ. स. २०० मध्ये कार्थेजच्या टर्टुलियनने या सर्व देखाव्यांविरुद्ध एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. जे करणे पाप आहे ते पाहणे निष्पाप कसे, हा त्याचा मूळ मुद्दा मला बिनतोड वाटतो. माझ्या प्रश्नाला इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटी तो आपल्या धर्मबांधवांना धीर देतो की, तुम्ही रिंगणाला मुकलात म्हणून खंती होऊ नका, अंतिम न्यायाच्या दिवशी याहून भव्य देखावा तुम्हांला दिसणार आहे; आणि मग धर्मछळ करणारे राजे आणि अधिकारी ज्वाळांत कसे होरपळतील याचे वर्णन तो असे करतो की वाचणाऱ्याने पुस्तक क्षणभर मिटून ठेवावे. ज्याने रिंगणाचे दार बंद केले त्यानेच स्वर्गात त्याची आसने मांडली. एवढ्या सत्यनिष्ठ, तेजस्वी माणसालाही पाहण्याची ती तहान टाकून देता आली नाही, हे वाचून मला त्याच्यावर राग येत नाही, भीती वाटते. ती त्याच्याबद्दल नव्हे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओडोसियसच्या फर्मानांनी जुनी देवळे बंद पडली आणि ऑलिंपियाचा उत्सवही त्यांच्याबरोबर विझला. रोममधल्या झुंजी त्यानंतरही काही काळ चालू होत्या. थिओडोरेट या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, टेलेमॅकस नावाचा पूर्वेकडचा एक संन्यासी रोमला आला, आसनांवरून उतरून रिंगणात गेला, आणि झुंजणाऱ्यांना आवरू लागला. प्रेक्षकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले, आणि त्यावरून सम्राट होनोरियसने त्या झुंजी बंद केल्या.

सिसिलीत फ्लामा नावाच्या एका ग्लॅडिएटरची समाधिशिला सापडलेली आहे. जातीने सीरियन, वय ३० वर्षे, ३४ झुंजी, २१ जिंकल्या, ९ बरोबरीत सुटल्या, ४ वेळा हरूनही त्याला सोडून देण्यात आले. एकवीस, नऊ आणि चार मिळून चौतीस भरतात. अखेरीस तो कसा मेला हे त्या हिशेबात नाही. चार वेळा त्याने बोट वर केले असेल, आणि चारही वेळा वरून 'जा' असे उत्तर आले. शिला उभारणाऱ्याचे नावही तिच्यावर आहे: डेलिकाटस, त्याच्याबरोबर शस्त्र धरणारा.